दुसरी मुक्ताबाई

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं मेलेल्या लोकांना उद्या डायलिसिसला बोलावलंय."

फोनवर शमशाद सिस्टर होत्या. ट्रस्टच्या रुग्णालयातला डायलिसिस विभाग त्या सांभाळत. एरवी त्यांचा फोन आला की आधी हालहवाल, मग आईची चौकशी, मग काम. आज त्यातलं काही नव्हतं. वैजयंती आरशासमोर उभी होती. केसांना लावायचा चाप हातातच राहिला.

"मेलेल्या म्हणजे?"

"मेलेल्या म्हंजे मेलेल्या. बोराटे काका परवाच्या दिवाळीत वारले, त्यांच्या मुलाला मेसेज गेला. उद्या सकाळी सात वाजता आपले डायलिसिस आहे, वेळेवर यावे. तो मुलगा काय काय बोलला ते तुम्हाला सांगत नाही मी. आणखी फोन येतायत. काउंटरवरची पोरगी रडायला लागलीय. कुछ तो करो, मॅडम."

"बघते. लगेच बघते."

आतून आईनं कानडीत विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवलीस का, हा शिवम्माचा दिवसाच्या कुठल्याही वेळेचा प्रश्न. वैजयंतीनं पर्स उचलली.

"ऑफिसात खाईन."

"आज सायबाला सांगणार होतीस की."

"सांगते. आधी हे निस्तरते."

शिवम्मा भाकरीचा हात पदराला पुसत दारापर्यंत आली. "वैजा, आज सांगितलं नाहीस तर तू कधीच सांगत नाहीस," ती म्हणाली आणि परत आत गेली.

सांगायचं होतं ते एवढंच की बंगळूरच्या एका कंपनीनं वैजयंतीला घेतलं होतं. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. तिला कुणी अडवणारं नव्हतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई अक्कलकोटला मामाकडे राहायला तयार होती, मामीनं खोलीही झाडून ठेवली होती. लग्नाचं विचारणारे नातेवाईक आता विचारेनासे झाले होते. जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत स्कूटरवर जाताना तिनं ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. 'सर, मला महिन्याभरात मोकळं करा.' साधं वाक्य होतं. दोन वर्षांपूर्वीही तिनं ते तयार केलं होतं आणि एका नव्या रुग्णालयाचं काम आलं म्हणून गिळलं होतं.

ऑफिस एका टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. संगमेश आधीच येऊन बसला होता. दीड वर्षापूर्वी लागलेला, हुशार, पण घाबरट. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, मी काहीच केलं नाही. मी फक्त बिलांचा भाग टाकला काल."

"तू नाही केलंस. सरक जरा."

काय झालं असेल याचा अंदाज तिला जिन्यातच आला होता.

जावाच्या ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, ते सॉफ्टवेअर उभं होतं, त्यात एक सोय होती. प्रत्येक कामासाठी वेगळा क्लास, म्हणजे कोडचा स्वतंत्र तुकडा, लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर एक छोटीशी खूण लावायची. सर्व्हर सुरू होताना फ्रेमवर्क सांगितलेल्या फोल्डरांतून फिरतं, खूण असलेले सगळे क्लास गोळा करतं, कुणाला काय लागतं ते बघतं आणि ज्याचं त्याला आणून देतं. नंबर लावणाऱ्या क्लासला रुग्णांची माहिती लागते, ती त्याला मिळते. निरोप पाठवणाऱ्याला एसएमएसची जोडणी लागते, तीही मिळते. नव्या मुलांना शिकवताना वैजयंती सांगायची, पंगतीला बसल्यासारखं आहे. पानावर बसला तो पाहुणा, वाढपी विचारत नाही तुम्ही कुणाकडचे.

काल संध्याकाळी संगमेशचा बिलांचा भाग वेगळ्या फोल्डरात असल्यामुळे फ्रेमवर्कला सापडत नव्हता आणि सर्व्हर सुरूच होत नव्हता. तशी आणखीही दोन-चार फोल्डरं होती. प्रत्येकाचं नाव नीट लिहायला हवं होतं. पण घरी पोचून तिला बंगळूरवाल्यांशी व्हिडिओवर बोलायचं होतं, शेवटची मुलाखत होती. तिनं सगळ्यांत वरच्या फोल्डराचं नाव टाकलं. म्हणजे या घरात जे काही असेल ते सगळं धुंडाळ. सर्व्हर सुरू झाला, संगमेशनं सुस्कारा सोडला, आणि ती घरी गेली. मुलाखत चांगली झाली आणि रात्रीच त्यांचं बोलावणं आलं.

त्या घरात एक जुनी खोलीही होती. नवं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा आधीचे क्लास एका फोल्डरात लोटून ठेवले होते. लागलं तर असू दे म्हणून कुणी पुसले नव्हते. इतकी वर्षं फ्रेमवर्कला तिकडे जायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते तिथं पडून होते, डोक्यावरच्या खुणांसकट.

तिनं फोल्डर उघडलं. क्लास लगेच सापडला. रोज सकाळी सहाला उठायचं, उद्या ज्यांचा वार आहे ते सगळे रुग्ण काढायचे आणि प्रत्येकाच्या घरच्या फोनवर निरोप धाडायचा. रुग्ण हयात आहे का, अजून येतो का, हे विचारणारी ओळ त्यात नव्हती. तो लिहिला गेला तेव्हा तसे रकानेच नव्हते. पहाटे फ्रेमवर्कनं त्याला रुग्णांची माहिती दिली, एसएमएसची जोडणी दिली, आणि त्यानं आपलं काम चोख केलं.

वरती लिहिणाऱ्याचं नाव होतं. अजिंक्य.

संगमेश तिच्या खांद्यावरून वाचत होता. "हे कोण, मॅडम?"

"होते एक. तुझ्या आधीचे."

दुरुस्ती म्हणजे त्या क्लासवरची खूण पुसायची, वरच्या फोल्डराचं नाव काढून खालची नावं नीट लिहायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. चहा गार व्हायच्या आत ते झालं. पण त्या क्लासमध्ये एक ओळ अशी होती जी निरोपानंतर आणखी कुठंतरी काहीतरी लिहीत होती. उद्याच्या यादीत मेलेल्या माणसांची नावं गेली असतील तर सात वाजता जिवंत माणसाला मशीन मिळणार नव्हतं. ती ओळ कुठे जाते हे शोधायला अर्धा दिवस गेला असता. लिहिणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं असतं.

गॅलरीत जाऊन तिनं फोन लावला. त्याचा नंबर अजून पाठ होता याचा तिला राग आला.

"कोण? वैजयंती? अगं, किती वर्षांनी." मागे मुलाचा आवाज होता, त्याला दप्तर घ्यायला सांगणारी बाई होती. "बोल ना."

तिनं कामाचंच विचारलं.

"ती ओळ? ती नुसती मोजणी आहे. किती मेसेज गेले त्याची. नंबरांच्या यादीला हात लावत नाही. पण तुम्ही अजून ते चालवताय? मी तर तेव्हाच म्हटलं होतं पुसून टाका."

"चालवत नव्हतो. चुकून चाललं."

"आणि तू अजून तिथंच?" त्यानं सहज विचारलं होतं, त्यात टोचणं वगैरे काही नव्हतं.

"हो. बरं, ठेवते."

सहा वर्षांपूर्वी दोघांनाही पुण्याला नोकरी लागली होती, एकाच कंपनीत. दोघं एकदम गेले तर सॉफ्टवेअर कोण बघणार, म्हणून सरांनी विनंती केली होती की एकानं तीन महिने थांबावं. अजिंक्यच्या घरची नड मोठी होती, म्हणून ती थांबली. तीन महिन्यांनी येतेच, असं ठरलं होतं. त्या तीन महिन्यांत वडिलांना पहिला झटका आला. तो आधी रोज फोन करायचा, मग रविवारी, मग लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली.

आत आली तेव्हा उदयसिंह सर तिच्या खुर्चीशेजारी उभे होते. उंच, पन्नाशीचे, कपाळावर कायम घाम. रुग्णालयाच्या विश्वस्तांचा फोन त्यांना येऊन गेला होता हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"माझी चूक आहे, सर. काल मी घाईत वरचं फोल्डर टाकलं."

"कळलं मला. संगमेश सांगत होता की त्याची चूक. मी म्हटलं, गप बस." सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "विश्वस्त म्हणत होते, कंपनी बदलू. मी त्यांना म्हटलं, वैजयंती आहे तिथं. ती बघेल. मग गप्प झाले."

"सर…"

"अगं, चुका होतात. वडिलांच्या आजारपणातही तू एक दिवस काम अडू दिलं नाहीस, ते मी विसरलो नाही. तू आहेस म्हणून मला रात्री झोप लागते, खरं सांगतो." मग काहीतरी आठवून ते म्हणाले, "काल रात्री मेसेज केला होतास ना, बोलायचंय म्हणून?"

वाक्य जिभेवर होतं. संगमेश कीबोर्डवरची बोटं थांबवून ऐकत होता. ते रागावले असते तर तिनं तिथंच सांगून टाकलं असतं.

"नंतर बोलते, सर. मी आधी रुग्णालयात जाऊन येते. ज्यांना मेसेज गेले त्यांना फोन करायला हवेत. सिस्टरांवर सगळं टाकून चालणार नाही."

"जा. आणि जेव कुठेतरी."

डायलिसिसचा हॉल तळमजल्यावर होता. बाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि आत एसीमुळे रुग्ण चादरी गळ्यापर्यंत ओढून पडले होते. मशीनची चाकं संथ फिरत होती. शमशाद सिस्टरांनी वैजयंतीला काउंटरमागे स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास दिला आणि फोन पुढे सरकवला.

मेसेज गेलेल्यांपैकी जे आता येत नाहीत त्यांची यादी काढून तिनं एकेक नंबर लावला. 'नमस्कार, रुग्णालयाकडून बोलतेय. सकाळी तुम्हाला एक मेसेज आला असेल. तो आमच्या चुकीनं आला. माफ करा.' कुणी ठीक आहे म्हणून ठेवून दिलं. एक माणूस बराच वेळ बोलत राहिला. तुम्हाला लाज वाटत नाही का, माझी आई सकाळपासून पडून आहे, बाबांना बोलावलंय म्हणते. ती हो म्हणत ऐकत राहिली. बार्शीच्या एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं जेवण झालं का?" आणि मग रडू आल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद झाला. एका नंबरावर कुणी उचलत नव्हतं. तो मोहोळ तालुक्यातला होता. तिनं तीनदा लावला.

दुपार कलायला लागली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ हॉलच्या दाराशी आले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी. पायताणं बाहेर काढून ते अनवाणी आत आले. शमशाद सिस्टरांनी मान वर केली आणि त्या उभ्याच राहिल्या.

"हिंदुराव काका."

"व्हय, मीच." ते काउंटरपाशी आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढला, गाठ सोडली. "सिस्टर, ह्यो मेसेज बगा जरा. सकाळी आला. पोरानं वाचून दाखिवला."

सिस्टरांनी पाहिलं आणि फोन वैजयंतीकडे दिला. मुक्ताबाई, उद्या सकाळी सात वाजता आपले डायलिसिस आहे. हाच तो न उचललेला नंबर होता.

"काका, आम्ही तुम्हाला फोन करत होतो," वैजयंती म्हणाली.

"यष्टीत हुतो, आईकू आला न्हाई." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा सिस्टरांकडे. "आमची मुक्ता तर गेली. औंदा दसऱ्याला वरीस हुईल. मग म्हनलं, हितं दुसरी कुनी मुक्ताबाई आसंल. तिचा निरोप चुकून माज्याकडं आला. आता तिला कळनार कसं, उद्या यायचंय म्हनून? पोरगं म्हनलं, फोन करून सांगा. लावला, तर लागंना. म्हनलं, जाऊन सांगून येऊ. यष्टी तर हाय."

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मशीनची पाळी चुकली म्हंजी काय हुतं, म्या बगितलंय," हिंदुराव म्हणाले. "सीनेला पानी आल्तं, घट बसले तवा. पूल पान्याखाली. तिची मंगळवारची पाळी गेली. बुधवारी पोरांनी ट्रॅक्टर घालून बगितला, न्हाई जमलं. अंगावर सूज चढली. मला म्हनत हुती, सिस्टरला फोन लावा, म्हनावं येतोय आमी, मशीन ठिवा. फोन बी बंद हुते. बिस्तरवारी गेली." त्यांनी टोपी जराशी सरळ केली. "म्हनून आलो. त्या दुसऱ्या बाईचं तसं हुया नगं."

शमशाद सिस्टर सावरल्या. "बरं केलं काका आलात. सांगते मी तिला. तुम्ही बसा, चहा घ्या."

"चा ऱ्हाऊ द्या. लावा की फोन तिला आत्ताच. माज्या म्होरं. म्हंजी मला बी बरं वाटंल."

सिस्टरांनी वैजयंतीकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. कुठलाही नंबर लावायचा, कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे, म्हातारा समाधानानं परत जाईल. वैजयंतीच्या पुढ्यात फोन होता. संगमेशला लावला असता तरी चाललं असतं. तिनं तो हातात घेतलाही. मग खाली ठेवला आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली.

"काका, बसा इथं."

ते बाकावर टेकले. ती शेजारी बसली.

"दुसरी मुक्ताबाई नाहीये, काका."

"म्हंजी?"

"हा निरोप तुमच्याच घरचा आहे. तुमच्या मुक्ताबाईंचा. कंप्युटरचा कार्यक्रम मी लिहिते. मी काल एक चूक केली, त्यामुळे जुनं काहीतरी चालू झालं आणि त्यानं गेलेल्या माणसांनाही निरोप पाठवले. माझी चूक आहे. माफ करा."

हिंदुराव हातातल्या फोनकडे बघत राहिले. त्याचा उजेड केव्हाच विझला होता.

"म्हंजी आमचीच."

"हो."

"मंग ती हाय व्हय अजून हितं? तुमच्या कंप्युटरात?"

"नाव आहे," वैजयंती म्हणाली. "त्या घरीच वारल्या, इथं कुणी कळवलं नाही. येणं थांबलं म्हणून रोजचे निरोप बंद होते. पण त्या गेल्याची नोंद झालेली नाही."

"न्हाई कळिवलं," ते म्हणाले. "कुनाला सुचलंच न्हाई. ग्रामपंचायतीला कळिवलं, रेशनला कळिवलं. हितं कळवायचं राहिलंच." हॉलमध्ये कुठल्याशा मशीनची शिट्टी वाजली, एक परिचारिका तिकडे गेली, शिट्टी थांबली. "मंग आता करा की नोंद. म्या आलोय तर."

"आज नको असेल तर नंतरही…"

"आजच करा. परत कोन येतंय."

तिनं काउंटरवरच्या कंप्युटरचा पडदा त्यांच्या बाजूला वळवला. मुक्ताबाई हिंदुराव कदम. वय, गाव, रक्तगट, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात. हिंदुराव पुढे झुकून बघत होते. त्यांना अक्षरं वाचता येत होती की नाही कुणास ठाऊक, पण बोट न लावता त्यांनी ओळी वरून खालपर्यंत पाहिल्या.

"ह्यो फोटू कवा काडला?"

"पहिल्या दिवशी काढतात."

"नवं लुगडं हाय अंगावर," ते म्हणाले. "दवाखान्यात कशाला नवं, म्हनलं हुतं म्या."

"काका, तारीख?"

"बिस्तरवार. घट बसले त्याच्या मागं आलेला."

कंप्युटरला आकडे हवे होते. तिनं मोबाइलवर पंचांग काढलं, गेल्या वर्षीची घटस्थापना शोधली आणि त्यानंतरचा गुरुवार मोजून आकडे टाकले. पडद्यावर चौकट आली: ही नोंद कायम करायची आहे का? ती चौकट तिनंच लिहिली होती, कुणी चुकून दाबू नये म्हणून.

"काय म्हनतंय त्ये?"

"नक्की का, असं विचारतंय."

हिंदुरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर पांढरे, बारीक कापलेले केस होते. "व्हय म्हना," ते म्हणाले.

तिनं दाबलं. नाव करडं झालं. मंगळवार, शुक्रवार गेले. फोटो तसाच राहिला.

"आता येनार न्हाई मेसेज?"

"नाही येणार."

"बरं."

चहा त्यांनी घेतला. शमशाद सिस्टरांनी बशीत ओतून दिला, तो बशीनंच प्याले. निघताना सिस्टर त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथं दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. सिस्टर परत आल्या त्या थेट आतल्या खोलीत गेल्या.

"काका, स्टँडपर्यंत सोडते मी," वैजयंतीनं बाहेर येऊन म्हटलं. "उन्हाचं चालत कुठे जाता."

ते आढेवेढे घेत मागे बसले, सीटच्या कडेला, तिला धक्का लागू नये असे. हातानं मागची दांडी धरली होती. सिग्नलला गाडी थांबली की ते एक पाय खाली टेकवत, जणू गाडीचा भार त्यांनाही उचलायचा होता. पर्समध्ये तिचा फोन दोनदा वाजून थांबला.

स्टँडवर पुण्याकडची एक गाडी लागलेली होती, मोहोळला थांबणारी. ते पायरीपाशी थांबले.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमी हितंच असता न्हवं? रोज?"

हा प्रश्न तिला सकाळी अजिंक्यनंही विचारला होता. तेव्हा उत्तर द्यायला लाज वाटली होती.

"हो," ती म्हणाली.

"मंग झालं. कुनीतरी बगनारं पायजे. मशीनला काय कळतंय, कोन हाय आन कोन न्हाई." त्यांनी हात जोडले नाहीत, नुसती मान हलवली. "तुमी खोटं सांगितलं न्हाई, त्ये बरं केलं."

ते वर चढले. खिडकीची काच वर सरकत नव्हती, त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग नाद सोडला आणि ताठ बसून समोर बघायला लागले. गाडी मागे आली, वळली, निघून गेली. ती तिथंच उभी राहिली. 'हो' म्हणताना तिनं काही ठरवलं नव्हतं. महिन्याभरानं इथं नसेन, असं त्या माणसाला सांगता आलं असतं. संगमेशला शिकवता आलं असतं. सर चिडले असते, मग निवळले असते. हे सगळं खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. पण उद्या सकाळी सात वाजता त्या हॉलमध्ये माणसं येऊन पडणार होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ते देऊन आपण दूरच्या शहरात झोपलोय, असं तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. हे कर्तव्य होतं की भीती, की इतक्या वर्षांची सवय, हे तिला वेगळं करता आलं नसतं.

फोन तिसऱ्यांदा वाजला. बंगळूरच्या कंपनीतली मुलगी होती, गोड इंग्रजीत बोलणारी. कधी रुजू होताय, एवढंच तिला लिहून घ्यायचं होतं. वैजयंती उसाच्या रसाच्या गाड्याआड सरकली, एका कानावर हात ठेवला आणि मला येता येणार नाही, असं इंग्रजीतच म्हणाली. त्याच वेळी वरच्या भोंग्यातून अक्कलकोट गाडी लागल्याची सूचना सुरू झाली. मुलगी म्हणाली, माफ करा, आवाज येत नाही, पुन्हा सांगाल का?

तिला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. रसवाला आणि दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"ओके," मुलगी म्हणाली. कारण तिनं विचारलं नाही. शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

स्कूटरची सीट चटका बसेल इतकी तापली होती. वैजयंतीनं ओढणीची घडी करून सीटवर टाकली, तिच्यावर बसली आणि समोरच्या रिक्षा हलायची वाट बघत राहिली.